वाचकांचे प्रश्न : हिशेबात न धरलेले सैनिक

प्रश्न : स. न. वि. वि. चवथीच्या दिवसांत आमचे फोंड्याचे मूळ घर भरलेले असते. यंदा आरती आणि जेवणे आटोपल्यावर भाच्याने आम्हा सर्वांना 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन' या जुन्या विज्ञानमालिकेचा 'इन द पेल मूनलाइट' हा भाग दाखवला. भाग पाऊण तासात संपला, त्यावरचा वाद मात्र विसर्जनापर्यंत चालला. वकिली करणारे माझे थोरले बंधू म्हणतात की, कॅप्टन सिस्कोने खोटा पुरावा तयार करवला हे खरे, परंतु खून त्याने केला नाही, म्हणून त्याचा दोष मर्यादित आहे. भाच्याच्या मते असंख्य जीव वाचणार असतील, तर एक सिनेटर आणि एक बनावटगिरी करणारा गुन्हेगार ही किंमत मोठी नव्हे. काकींनी ही मालिका पूर्वी कधीच पाहिली नव्हती. 'हे तर नरो वा कुंजरो वा झाले' एवढेच म्हणून त्या झोपायला गेल्या. यांपैकी कोणाचे म्हणणे बरोबर मानावे?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या काकी सर्वांत जवळ पोहोचल्या आहेत, मात्र त्यांच्या उपमेत एक हत्ती आडवा येतो. त्याच्याकडे वळण्यापूर्वी ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो.

एप्रिल १९९८ मध्ये प्रथम प्रक्षेपित झालेला हा सहाव्या पर्वातील एकोणिसावा भाग आहे. डोमिनियन या बलाढ्य सत्तेशी चाललेले युद्ध पृथ्वीसह अनेक ग्रहांचे संघराज्य असलेले फेडरेशन हरत आले आहे आणि त्याच्या अवकाशस्थानकाचा प्रमुख सिस्को दर शुक्रवारी मृत, जखमी व बेपत्ता सहकाऱ्यांच्या नावांची यादी लावतो आहे. शेजारच्या रोम्युलन साम्राज्याचा डोमिनियनशी अनाक्रमणाचा करार असल्यामुळे ते तटस्थ आहे. त्यांना युद्धात ओढण्यासाठी सिस्को गॅरक नावाच्या शिंप्याची मदत घेतो, जो पूर्वाश्रमीचा हेर आहे. शत्रूच्या गोटातून खरा पुरावा मिळत नाही, म्हणून डोमिनियन रोम्युलसवर हल्ल्याची योजना आखत असल्याचे बनावट चित्रण तयार केले जाते. रोम्युलन सिनेटर व्हरीनाक ते तपासतो, बनावट ओळखतो आणि संतापून निघून जातो. वाटेत त्याच्या यानाचा स्फोट होतो. बॉम्ब गॅरकने ठेवलेला असतो, आणि चित्रणातील उरलेले दोष स्फोटामुळे झाले असावेत असे समजून रोम्युलन युद्धात उतरतात.

आता आपले वकील बंधू. त्यांच्या युक्तिवादातील अडचण अशी की, आरोपीलाच तो मान्य नाही. आपण खोटे बोललो, लाच दिली आणि खुनात सहभागी झालो, असे सिस्को स्वतःच्या तोंडाने सांगतो. गॅरक तर त्याला स्पष्टच ऐकवतो की, जे तुझ्याच्याने होणार नव्हते ते करणारा माणूस हवा होता म्हणूनच तू माझ्याकडे आलास. ज्याला कामाला लावले त्याचा लौकिक ठाऊक असताना 'बॉम्बचे मला माहीत नव्हते' हे वाक्य न्यायालयात कदाचित चालेल, घरच्या ओसरीवर चालू नये. मला स्वतःला बॉम्बपेक्षा त्याच्या आधीच्या पायऱ्या अधिक अस्वस्थ करतात. चित्रण तयार करण्यासाठी क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीच्या तुरुंगातून सोडवून आणलेला टोलार दारूच्या नशेत स्थानकावरील मद्यालयाचा मालक क्वार्क याला सुरा मारतो, आणि क्वार्कने तक्रार करू नये म्हणून सिस्को त्याला लाच देतो. प्रत्येक माणसाची काही किंमत असते या आपल्या जमातीच्या व्यापारी नियमावलीतील अठ्ठ्याण्णवाव्या नियमावरील विश्वास तुम्ही परत मिळवून दिला, म्हणून क्वार्क त्याचे मनापासून आभार मानतो. प्रसंग हसू आणणारा आहे, परंतु सिस्को खरा विकला जातो तो येथे. बॉम्ब फुटण्याच्या कितीतरी आधी.

भाच्याचा हिशेब मात्र मुळातच अपुरा आहे, आणि तो त्याचा एकट्याचा नाही; तो गॅरकचा आहे. एक सिनेटर, एक गुन्हेगार आणि स्टारफ्लीट या फेडरेशनच्या अवकाशदलातील एका अधिकाऱ्याचा स्वाभिमान, एवढ्यात आकाशगंगेचा अख्खा चतुर्थांश भाग वाचला तर सौदा स्वस्त, असे गॅरक म्हणतो, आणि बहुतेक चाहते ती बेरीज जशीच्या तशी उचलतात. या बेरजेत रोम्युलन सैनिक कोठे आहेत? ज्या दिवशी युद्ध पुकारले त्याच दिवशी त्यांनी शत्रूचे पंधरा तळ मारल्याची बातमी येते आणि सगळे सुखावतात. त्या पंधरा तळांवरून किती जहाजे परतली नाहीत, असे कोणी विचारत नाही. कथेची सुरुवात नावांच्या यादीने होते, आणि तिच्या शेवटी रोम्युलसवरही तशाच याद्या लागण्याची सोय झालेली असते. त्या याद्यांतील माणसे एका चित्रणावर विश्वास ठेवून मेलेली असतील, आणि ते चित्रण खोटे होते हे त्यांच्या घरच्यांना कधीच कळणार नाही.

यावर एक उत्तर संभवते आणि ते दुबळे नाही. फेडरेशनचा पाडाव झाल्यावर डोमिनियनने रोम्युलनांनाही गिळले असते, म्हणजे बनावट चित्रणाने उद्याचे खरेच आज सांगितले. सिस्को व्हरीनाकशी वाद घालतो तो याच मुद्द्यावर. पण उद्या काय होईल हा सिस्कोचा अंदाज होता, आणि तटस्थ राहणे हा व्हरीनाकचा. स्वतःची माणसे केव्हा मरायला पाठवायची हे ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याचा होता आणि तोच चोरला गेला.

राहिला हत्ती. महाभारतात भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मारलेला असतो, आणि म्हणून युधिष्ठिराला अर्धसत्याच्या आड उभे राहता येते. आमच्या गावच्या जत्रेतील नाटकात 'नरो वा कुंजरो वा' हे शब्द किती हळू उच्चारावेत यावरून दर वर्षी तालमीत भांडण होत असे, कारण सगळा धर्म त्या आवाजाच्या पट्टीत अडकलेला आहे अशी आमच्या दिग्दर्शकांची पक्की समजूत होती. सिस्कोपाशी तेवढाही हत्ती नाही. दुसरा फरक याहून मोठा आहे. युधिष्ठिर खोटे बोलताच जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो आणि पुढे त्या कपटापायी त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागते. त्याचे पाप साऱ्यांसमोर आहे. सिस्कोचा रथ कोणालाही न दिसता टेकला. मालिका संपेपर्यंत हे गुपित रोम्युलनांपर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : तटस्थ देशाला असे युद्धात ओढल्याचे खरे उदाहरण आहे काय? आणि १९४३ साली आमच्या मुरगाव बंदरात जे घडले ते याच पंक्तीत बसवता येईल काय?
– एक वाचक, वास्को

उत्तर : पहिल्या प्रश्नासाठी सर्वांत जवळचे उदाहरण झिमरमान तारेचे आहे. जर्मनीचे परराष्ट्रमंत्री झिमरमान यांनी जानेवारी १९१७ मध्ये मेक्सिकोला युतीचा प्रस्ताव पाठवला, ब्रिटिशांनी ती तार उलगडली आणि अमेरिकेच्या हाती दिली; १ मार्चला ती वृत्तपत्रांत आली आणि ६ एप्रिलला अमेरिका युद्धात उतरली. येथे तार अस्सल होती, खोटी होती ती ती कशी मिळाली याची हकीकत, कारण आपण अमेरिकेच्याही तारा वाचतो हे ब्रिटिशांना लपवायचे होते. गंमत अशी की अनेकांना ती बनावट वाटत असताना झिमरमान यांनी स्वतःच ती खरी असल्याचे कबूल केले. व्हरीनाकसारखा तपासनीस तेथे निष्प्रभ ठरला असता.

मुरगावची गोष्ट उलट्या दिशेची आहे. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर जर्मन जहाजांनी मुरगावात आसरा घेतला होता. त्यांपैकी 'एहरेनफेल्स'वरून दोस्तांच्या जहाजांची माहिती पाणबुड्यांना पुरवली जाते, असा ब्रिटिशांचा समज होता. उघड हल्ला केला तर पोर्तुगालची तटस्थता भंग पावली असती, म्हणून कामगिरी नियमित सैन्याकडे न देता कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतील, बहुतांशी व्यापारी पेशाच्या आणि मध्यम वयाच्या माणसांकडे दिली गेली. कलकत्त्याहून वळसा घालून आणलेल्या एका बार्जमधून ते आले आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी 'एहरेनफेल्स'वर चढाई केली. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच बुडवली. अधिकृत मौन इतके घट्ट पाळले गेले की, ही हकीकत लोकांसमोर यायला १९७८ साल उजाडले.

सिस्कोने तटस्थाला युद्धात ओढण्यासाठी लबाडी केली. मुरगावात तटस्थाला युद्धाबाहेर ठेवून त्याच्याच बंदरात कार्यभाग उरकण्यासाठी ती केली गेली. म्हणून मी ती एका पंक्तीत बसवणार नाही. गोव्याच्या सामान्य माणसाला मात्र दोन्हींतील एक गोष्ट ओळखीची वाटेल : त्याच्या दाराशी काय चालले आहे हे त्याला कोणीही विचारले नाही.

प्रश्न : शेवटी सिस्को सगळी कबुली संगणकाला पुसायला सांगतो. माझ्या पत्नीच्या मते हे निव्वळ गुप्ततेसाठी आहे, मला तो पश्चात्ताप वाटतो. मी लेखापरीक्षणातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पुसलेली नोंद मला झोपू देत नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : पत्नीचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे, कारण ही नोंद बाहेर पडली तर रोम्युलनांशी झालेली युती त्याच दिवशी तुटेल. पण केवळ गुप्तता हवी असती, तर नोंद करण्याचेच कारण नव्हते. पश्चात्तापही मला दिसत नाही. पुन्हा वेळ आली तर आपण हेच करू, असे तो म्हणतो. हे ओझे घेऊन आपल्याला जगता येईल, हे तो एकदा म्हणून थांबत नाही, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. ते खरे वाटते की नाही, हे त्याला स्वतःच्या कानांनी ऐकून पाहायचे होते असे मला वाटते.

आपल्या पेशाला धरून एक गोष्ट सुचवतो. चित्रणासाठी लागणाऱ्या अस्सल डेटा रॉडच्या, म्हणजे नोंद साठवण्याच्या कांडीच्या, बदल्यात ८५ लिटर बायोमिमेटिक जेल हा धोकादायक जैविक पदार्थ द्यावा लागतो, आणि तो काढून देण्यापूर्वी स्थानकाचे डॉक्टर बशीर लेखी आदेश मागून घेतात व आपण वरिष्ठ वैद्यकीय विभागाकडे रीतसर तक्रार करणार असल्याचे बजावतात. सिस्कोने पुसली ती फक्त त्याची खासगी नोंद. तो लेखी आदेश, ती तक्रार आणि साठ्यातून कमी झालेले ८५ लिटर कोठल्या तरी दप्तरात तसेच पडून असणार.