खिलाफत लोकशाही होती की हुकूमशाही, आणि त्यावर पोट भरेल का?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमची लेक इतिहास घेऊन टी. वाय. बी. ए.ला आहे. वादविवाद स्पर्धेत ती ‘सुरुवातीची खिलाफत, म्हणजे पैगंबर मुहम्मदांनंतरचं खलिफांचं राज्य, लोकशाही होती’ या बाजूने बोलली, परीक्षकांनी ‘ती सरळ हुकूमशाही होती’ म्हणत गुण कापले, आणि आता एम. ए.ला हाच विषय घेईन म्हणून ती हटून बसली आहे. यजमान म्हणतात, बी. एड. करून मोकळी हो. तुम्ही विचारता, बरोबर कोण आणि पुढे वाट आहे का?

आधी वादाचं बघू. माझ्या मते गुण दोघांचेही कापायला हवेत. ६३२ ते ६६१ या काळात चार खलिफा झाले आणि प्रत्येकाची निवड वेगळ्या तऱ्हेने झाली. पैगंबरांच्या निधनानंतर मदिनेचे अन्सार, म्हणजे तिथले त्यांचे स्थानिक पाठीराखे, सकीफा नावाच्या बैठकीच्या जागी जमले. मक्केहून आलेल्या अनुयायांशी ‘एक अमीर (नेता) आमचा, एक तुमचा’ इथपर्यंत घासाघीस झाली, शेवटी पैगंबरांचे जवळचे सहकारी अबू बक्र ठरले. पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई अली त्या बैठकीत नव्हतेच. दोन वर्षांनी अबू बक्र यांनी जाताजाता उमर यांचं नाव स्वतःच सांगून टाकलं. तिथे कसली आली निवडणूक!

६४४ मध्ये उमर यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला. त्यांनी पुढचा खलिफा निवडायला सहा जणांची शूरा, म्हणजे सल्लामसलतीची समिती, नेमली, तीन दिवसांची मुदत दिली, मुलगा अब्दुल्ला सल्ल्याला बसेल पण खलिफा होणार नाही असं बजावलं. सहांपैकी अब्दुर रहमान इब्न औफ यांनी स्वतःचं नाव मागे घेतलं, मदिनेत फिरून लोकांचा कल विचारला आणि उस्मान यांच्या हाती हात दिला. ऐकायला छान वाटतं. पण ते सहाही जण कुरैश, म्हणजे पैगंबरांच्याच मक्केच्या टोळीतले होते. ज्यांच्या गावात हे चाललं होतं त्या अन्सारांचा त्यात एकही नाही, बाहेरच्या प्रांतांची तर गोष्टच सोडा. लेकीने हे सांगितलं होतं का, विचारा.

परीक्षकांनाही एक प्रश्न आहे. ६५६ मध्ये इजिप्त आणि इराकमधल्या कूफा, बसऱ्याहून आलेल्या नाराजांनी उस्मान यांच्या घराला वेढा घातला आणि त्यांना घरातच मारलं. उत्तर आफ्रिकेपासून इराणच्या पूर्वेकडच्या खुरासानपर्यंत राज्य आणि दारात राखणीला खडं सैन्य नाही, असा हुकूमशहा कुठला? त्या गदारोळातच अली खलिफा झाले. माझ्या लेखी ते मोजक्या प्रतिष्ठितांच्या मसलतीने चालणारं राज्य होतं. पुढे दमास्कसला, अलींनंतर सत्तेवर आलेल्या मुआविया यांनी मुलगा यझीदला वारस नेमलं, तिथून उघड घराणेशाही आली.

आता पोटापाण्याचं. यूपीएससीसाठी म्हणून हा विषय घेऊ नका. सामान्य अध्ययनातला जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून सुरू होतो. महाराष्ट्रात प्राध्यापकी मिळवायची तर अवघडच आहे. या वाटेवर खरा हात देते ती अरबी भाषा. भाषांतर, आखाती देशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या, मुंबईच्या बड्या रुग्णालयांत येणाऱ्या अरब रुग्णांसाठी दुभाषेगिरी, अशी कामं भाषेवर मिळतात, नुसत्या एम. ए. इतिहासावर नाही. जेएनयू, जामिया मिल्लिया, अलिगढ आणि हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषांचं विद्यापीठ (इफ्लू) इथे अरबीचं पदव्युत्तर शिक्षण आहे, मुंबई विद्यापीठातही अरबी विभाग आहे. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, ‘अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज’ असा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाची काही वर्षं तरी घरून पैसे मागावे लागत नाहीत.

ती टिकेल का, हे सुट्टीतच कळेल. या काळाचा मोठा इतिहासकार तबरी ९२३ मध्ये वारला, म्हणजे या घटनांनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. एकाच प्रसंगाच्या वेगवेगळ्या हकिकती तो सांगणाऱ्यांच्या नावांसकट शेजारी शेजारी ठेवतो. सुन्नी आणि शिया परंपरा त्यातून वेगळे अर्थ काढतात, आणि संशोधकाला दोन्हींचा मान राखून वाट काढावी लागते. इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. त्यातलं शूरेचं प्रकरण तिला वाचू द्या आणि कोण काय सांगतो, कुठे जुळत नाही, हे दोन पानांत लिहायला लावा. सोबत अरबीची २८ अक्षरं गिरवू दे. पानं लिहिताना जेवणाची हाक ऐकू आली नाही, तर यजमानांची समजूत मी घालेन. स्पर्धेतला राग निवला की वही मिटली, तर बी. एड. काही वाईट नाही. म्हणून त्या सीईटीचा फॉर्मही आत्ताच भरून ठेवा.