नणंदेला दिलेल्या 'फॅट कटर' गोळ्या, आणि आता केस माझ्यावर?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला, डब्याचे आणि त्या पुडीचे फोटो पण झूम करून बघितले. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमची हकीकत थोडक्यात सांगतो, नाव-गाव काढून.

कॉलनीत सकाळी भरणाऱ्या एका 'वेलनेस क्लब'मध्ये तुम्ही फ्री चेकअपला गेलात. मशीनने तुमचं 'बॉडी एज' ५२ दाखवलं, खरं वय ३८. घाबरलात. क्लबच्या मॅडम म्हणाल्या ३० दिवसांत १२ किलो, नाही उतरलं तर पैसे परत, आणि तुम्ही जीपेवर १८,६०० भरले, बिल नाही. दोन महिन्यांत ४ किलो उतरलं. मग तुम्हालाच 'कोच' केलं, त्यासाठी आणखी २४,००० चा स्टॉक घ्यायला लावला, तुमचा बिफोर-आफ्टर फोटो तुम्ही स्टेटसला ठेवलात आणि मॅडमनी उचलून इन्स्टावर टाकला. नणंद आणि तीन मैत्रिणींनी तुमच्याकडून माल घेतला. त्यात पावडरच्या डब्यासोबत झिपच्या पुडीत बिनलेबलच्या 'स्पेशल फॅट कटर' कॅप्सूल होत्या. नणंदेला धडधड सुरू झाली, झोप उडाली, तोंड कोरडं पडायला लागलं, बीपी १६०/१०० गेलं आणि एक रात्र अ‍ॅडमिट करावं लागलं. मॅडमचं उत्तर, "डिटॉक्स चालू आहे, पाणी कमी पितायत." आणि नणंदेचे मिस्टर म्हणतायत केस तुमच्यावरच टाकणार. तुमचे प्रश्न दोन, पैसे परत मिळतील का आणि मी यात अडकते का.

पैशांची केस चांगली आहे. अडकण्याचं म्हणाल तर उद्या सकाळी दारात पोलीस उभे राहतील ही भीती काढून टाका, पण हात पूर्ण झटकता येतील असंही मी म्हणणार नाही. दोन्ही नीट सांगतो.

पण त्याआधी वकिली बाजूला ठेवून एक. तुमच्याकडच्या आणि त्या तिघी मैत्रिणींकडच्या कॅप्सूल आजच्या आज बंद करा. नणंदेच्या डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा, "काही नाही, हर्बल आहे" असं सांगू नका. सिब्युट्रामिन नावाचं एक औषध पूर्वी वजन कमी करायला द्यायचे, हृदयाला धोका दिसला म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं आणि २०११ मध्ये आपल्याकडेही बंदी आली. तेच औषध जगभर 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग कॅप्सूलमध्ये गुपचूप घातलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय, आणि त्याने होणारा त्रास म्हणजे धडधड, बीपी, कोरडं तोंड, झोप न लागणं. नणंदेच्या कॅप्सूलमध्ये तेच आहे असं मी म्हणत नाही, ते लॅबच सांगेल. पण ज्या पुडीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, ती गोळी कुणाच्याही पोटात जाता कामा नये, एवढं सांगायला लॅब लागत नाही.

आता त्या दाव्याकडे येऊ, कारण केस तिथेच उभी राहते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १२ किलो म्हणजे ९२,४००. तीस दिवसांत वाटून टाका, रोज ३,०८० कॅलरी कमी पडायला पाहिजेत. आणि आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशोबात बैठं काम करणाऱ्या बाईची दिवसाची गरजच १,६६० धरलीय. म्हणजे महिनाभर पाणी पिऊन झोपून राहिलात तरी १२ किलो चरबी जाणार नाही, शेक कुठलाही घ्या. हा हिशोब मी तक्रारीत असाच्या असा लिहितो, आकडेमोड उलटतपासणीत हलत नाही.

मग तुमचे ४ किलो गेले कसे? तुम्हीच लिहिलंय, मला वाटतं लिहिताना तुमच्याही लक्षात आलं नसेल. पहिलं वजन संध्याकाळी सातला, चहा-वडा झाल्यावर, साडीवर, पायात चप्पल. नंतरची सगळी वजनं सकाळी सहाला, अनशापोटी, ट्रॅकपँटवर. त्यातच एक-दीड किलो निघतो. शिवाय रात्रीचा भात सोडून शेक घेतलात की पहिल्या आठवड्यात शरीरातलं पाणी उतरतंच. आणि ते 'बॉडी एज' मशीन शरीरातून बारीक करंट सोडून अंदाज बांधतं, पाणी प्यायल्यावर आकडा बदलतो. त्यावर मी तरी घाबरलो नसतो, जरी माझ्या काळ्या कोटाचं बटण आता लागत नसलं तरी.

आता डबा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नाचं लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचा, नंबर आहे, मी पेन्सिल टेकवून मोजला, १३ आकडे भरले. हा नंबर १४ आकडी असतो. प्रिंटिंगची चूक असेलही, पण त्यांच्याच फॉसकॉस या लायसन्सच्या साईटवर टाकून बघा, कुणाच्या नावावर काही निघतं का ते, आणि स्क्रीनशॉट ठेवा. दुसरं, डब्यावर एफएसएसएआय आणि त्याच्याच खाली 'आयुर्वेदिक औषध'. आयुर्वेदिक औषधाचं मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स वेगळं असतं, ते एफएसएसएआय देत नाही. म्हणजे हे अन्न आहे की औषध ते विकणाऱ्यालाच ठरवायचं नाहीये, कारण सोयीप्रमाणे दोन्ही व्हायचंय. तिसरं, हेल्थ सप्लिमेंट असेल तर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापावं लागतं. ते नाहीच, उलट सोबतच्या पॅम्प्लेटवर 'लठ्ठपणा आणि शुगर मुळापासून बरी'.

हे पॅम्प्लेट जपून ठेवा, सोनं आहे. १९५४ चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या शेड्युलमध्ये ५४ आजार दिलेत, अमुक औषधाने हे बरे होतात अशी जाहिरातच करता येत नाही. त्यात डायबिटीस आहे आणि लठ्ठपणा पण आहे, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. ते म्हणतील आमचं फूड आहे, हा कायदा लागूच नाही. ठीक, मग फूडने आजार बरा होतो हा दावा फूडच्या कायद्यात बसत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला तिथे कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. इकडे आड तिकडे विहीर.

पैशांसाठी रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा'च्या व्याख्येत तुमची अर्धी हकीकत आधीच लिहून ठेवल्यासारखी आहे. खोटा दावा, अनुचित प्रथा. बिल न देणं, तीही. सदोष माल परत न घेणं, बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, तीही. विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणं, तीही. तुमचा फोटो त्यांनी तुम्हाला न विचारता इन्स्टावर टाकला असेल तर हा मुद्दा मी घेणारच. 'नो रिफंड' चा बोर्ड दाखवून मॅडम गप्प करत असतील तर तो बोर्ड कायद्याच्या वर नाही.

तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते, मॅडम पुण्यात असल्या तरी. ५ लाखांपर्यंत फी शून्य, मुदत दोन वर्षं, वकील पाहिजेच असं नाही (माझ्या पोटावर पाय, पण खरंय), ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाईन भरता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नंबर घ्या आणि मॅडमला १५ दिवसांची नोटीस पाठवा. बऱ्याचदा नोटीस गेल्यावरच 'डिटॉक्स' संपतो आणि पैसे येतात.

पण १८,६०० आणि २४,००० वेगळे ठेवा. पहिले तुम्ही स्वतः खायला दिले, तिथे तुम्ही सरळ ग्राहक. दुसरे विकायला माल घेतला म्हणून समोरचा वकील म्हणणार की हा धंदा होता, ग्राहकच नाही. आपण म्हणायचं की पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतला, कायद्यात तेवढी सूट आहे. आयोग मानेल का? पहिल्या रकमेइतकी खात्री मी देणार नाही. कमिशन माल खपवण्यावर कमी आणि नवीन माणसं जोडण्यावर जास्त मिळत होतं असं असेल तर मात्र वेगळी गोष्ट, २०२१ च्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांत पिरॅमिड स्कीमला बंदी आहे. कमिशनचा तो चार्ट मला पाठवा.

आता तुमच्या मानेवरचं. फसवणुकीच्या गुन्ह्यात, म्हणजे आताच्या न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, मुळात बेईमानीचा हेतू लागतो. तुम्ही स्वतः तेच खात होतात, पैसे भरून खात होतात, हा तुमचा सगळ्यात मोठा बचाव आहे. पण हा बचाव आजपर्यंतचा. नणंद अ‍ॅडमिट झाल्यानंतर एक जरी डबा विकलात तर "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तुमच्याकडून गेलं.

दिवाणी बाजू जड आहे, ती लपवत नाही. उत्पादकाचा पत्ता नसेल तर मालाने झालेल्या इजेची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते, ग्राहक कायद्याचं कलम ८६. अन्न कायद्यातही, माल कुणाकडून घेतला ते विक्रेत्याला दाखवता आलं नाही तर तो अडकतो. म्हणून बिनलेबलची पुडी तुमच्या हातून गेली हा तुमचा कच्चा दुवा, आणि मॅडमनीच ती पाठवली हे सिद्ध करणारे व्हॉट्सअ‍ॅप, कुरिअरची पावती, जीपेची एंट्री हे तुमचं चिलखत. स्टेटसचं पण तेच. खोट्या दाव्याची भलामण करणाऱ्यालाही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, आधी नीट खातरजमा केली होती हे दाखवलं तर सुटका. प्राधिकरण स्टेटसवाल्या वहिनींच्या मागे लागेल असं मला वाटत नाही, ते मोठे मासे धरतं. २०२५ मध्ये त्यांनी व्हीएलसीसी या स्लिमिंग-ब्यूटी कंपनीला ३ लाखांचा दंड केला, जाहिरातीत चरबी गोठवणाऱ्या मशीनच्या एका सेशनमध्ये ६०० ग्रॅम आणि ७ सेंटिमीटर कमी असं होतं, आणि त्या मशीनला अमेरिकेत मान्यता होती ती ठराविक जागची चरबी कमी करायला, वजन उतरवायला नव्हे. पण मासा लहान असला म्हणून जाळ्यात पोहायचं नाही.

तर करायचं काय. स्टेटस, इन्स्टाची पोस्ट, ग्रुपमधले मेसेज घाईने डिलीट करू नका, आधी तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, चॅट एक्सपोर्ट, मगच आपलं काढा. मोबाईल बदलू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि मूळ फोन असला की सोपं जातं. कॅप्सूल मोजा, पुडी पाकिटात घालून तोंडावर कागदी पट्टी चिकटवा, त्यावर तारीख टाकून तुमची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. स्वतः लॅबमध्ये नेऊन पैसे घालवू नका, आयोगाकडे अर्ज केला की आयोग नमुना सील करून लॅबला पाठवतो आणि ४५ दिवसांत रिपोर्ट मागवतो. त्याच वेळी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहाय्यक आयुक्तांना लेखी तक्रार द्या, टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, आणि पोच घ्या. ही तक्रार तुम्ही स्वतःहून, नणंदेच्या मिस्टरांच्या आधी केलीत तर तुम्ही आरोपीच्या नव्हे तर साक्षीदाराच्या बाजूला उभ्या राहता.

राहिली नणंद. कायद्याचं पुस्तक मिटून सांगतो, तिचे पैसे तुमच्या खिशातून परत करा, बँकेतून, 'मालाचे पैसे परत' एवढंच लिहून. माझ्यामुळे झालं वगैरे मेसेजवर काही लिहू नका, माफी समोर बसून मागा. हॉस्पिटलचं बिल तिच्याच नावाने मॅडमकडून आणि कंपनीकडून मागायचं, त्यासाठी तिची वेगळी तक्रार लागेल आणि त्यात तुम्ही साक्षीदार. मिस्टरांना हे पटवा, तुमच्यावर केस टाकून त्यांच्या हाताला काय लागणार, तुमच्याकडे त्या मॅडमचे चॅट आहेत ते त्यांच्याकडे नाहीत.

तिघी मैत्रिणींना आजच पाठवायचा मेसेज लिहून देतो, यात एक शब्द वाढवू नका: "मी दिलेल्या सुट्या कॅप्सूल घेणं लगेच थांबवा. एकीला त्रास झाला आहे. उरलेल्या कॅप्सूल फेकू नका, तशाच ठेवा, मी येऊन तुमच्यासमोर सील करणार आहे. काही त्रास होत असेल तर डॉक्टरांना पुडी दाखवा." पाठवल्यावर निळी टिक आली की त्याचा पण स्क्रीनशॉट काढा.