युनिट्रान्सची, म्हणजे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठातल्या बससेवेची, बस चालवायची म्हणतोस?

घरी आधीच सांगून ठेव, नाहीतर 'शिकायला पाठवला आणि ड्रायव्हर झाला' हे आयुष्यभर ऐकशील. डेव्हिसमध्ये 1968 पासून विद्यार्थीच बस चालवतात म्हणावं. सुरुवात लंडनहून आणलेल्या दोन जुन्या डबलडेकरांनी झाली. (त्यांत ड्रायव्हर उजवीकडे बसतो, अगदी आपल्या एसटीसारखा!)

लायसन्सला बरेचजण स्टिअरिंगवर नाही, गाडीच्या तपासणीवर अडकतात. बसभोवती फिरून एकेक भाग बोट दाखवून, नाव घेऊन सांगायचा. एअर ब्रेकची चाचणी तर झोपेतही म्हणता आली पाहिजे: इंजिन बंद, ब्रेक दाबून धरलेला, नजर हवेच्या दाबाच्या काट्यावर. मिनिटाभरात दाब 3 पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं माप) जास्त उतरता कामा नये. इथे गडबडलास की पुढची परीक्षा होतच नाही. मोठ्याने म्हणून पाठ कर, रूममेट वैतागला तरी चालेल.

रस्त्यावर खरी धास्ती सायकलींची. लेक्चर सुटलं की झुंडच्या झुंड निघते, निम्मे कानात इअरफोन घालून. उजवीकडे वळताना आरसा एकदा बघून भागत नाही. वळण पुरं होईपर्यंत बघत राहा. हॉर्नची सवय मात्र पुण्यातच सोडून ये. रेल्वे फाटकाला गाडी दिसो न दिसो, रुळाच्या निदान 15 फूट आधी थांबायचंच.

आणि शिफ्ट घेताना टाइमटेबल समोर ठेव. पहाटेची शिफ्ट करून नऊच्या लॅबला जाईन, असल्या बाता पहिल्या सत्रात मारू नकोस.