जुन्या विमानाचं आरसी मॉडेल करताय? आधी शेपटीचं वजन बघा

यावेळी बरेच प्रश्न जुन्या, कापडी पंखांच्या विमानांच्या आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, मॉडेल्सबद्दल आलेत, म्हणून तेवढेच घेतो.

प्रश्न: फोमचे दोन ट्रेनर (शिकायची मॉडेलं) व्यवस्थित उडवतो. आता बाल्सामध्ये (हलक्या लाकडात) खरंखुरं जुनं विमान करायचंय. स्पिटफायर घेऊ का? (सांगली)

स्पिटफायर आत्ता नको. चाकं एकमेकांच्या फार जवळ, पंख टोकाला निमुळते, स्पीड जरा कमी झाला की एक पंख खाली टाकतं. पहिल्यांदा वर पंख असलेलं विमान घ्या. पायपर कब सगळेच करतात आणि ते उत्तमच आहे, पण मला विचाराल तर डी हॅविलँडचं पस मॉथ करा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले ते याच जातीच्या विमानातून, आणि तरी आपल्याकडे पस मॉथचं मॉडेल क्वचितच दिसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२ मीटर, एकास सहा केलं तर १.८७ मीटर, पंख काढले की कारमध्ये आरामात मावतं. आता वजन. भरलेलं मूळ विमान साधारण ९३० किलो, आणि लांबी सहापट कमी झाली की वजन २१६ नी (६×६×६) भागायचं, म्हणजे ४.३ किलो. इथे लोक खुश होतात की चला, भरपूर सूट आहे! पण तेवढ्या वजनाला मॉडेल ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळणार, आणि मूळचा क्रूझ स्पीड होता १७० च्या घरात, म्हणजे डोळ्याला स्केलमध्ये वाटायला हवेत जेमतेम तीस. तीस काही जमत नाही, पण अडीच किलोत बसवलंत तर पन्नास-पंचावन्नवर येतं आणि मग ते पस मॉथसारखं उडतं. म्हणून मी म्हणतो की स्केल म्हणजे आधी चाल, डॅशबोर्डवरचे मीटर वगैरे सगळं नंतर.

अजून एक, पंखाखालचे स्ट्रट, म्हणजे पंखाला धडाशी जोडणाऱ्या तिरप्या दांड्या, नुसते शोभेचे करू नका, लोड घेणारे करा. मूळ पस मॉथचे पंख हवेत तुटून जीवघेणे अपघात झाले होते आणि त्यानंतर स्ट्रटला आधाराची जादा दांडी लावली गेली, तीही मॉडेलवर दाखवा.

प्रश्न: सॉपविथ कॅमल बांधलं, सीजी (गुरुत्वमध्य, जिथे विमान तोललं जातं) जुळवायला नाकात ३०० ग्राम शिसं घालावं लागतंय. काय चुकलं? (ठाणे)

कॅमलचं नाकच आखूड आहे हो, पहिल्या महायुद्धातल्या बऱ्याच विमानांचं तसंच. सीजीपासून शेपूट नाकाच्या तिप्पट लांब असेल तर शेपटीतला एक ग्राम पुढे तीन ग्राम मागतो. म्हणजे तुमचं ३०० ग्राम शिसं हे मागच्या शंभर ग्रामचं बिल आहे.

शेपटीचा प्रत्येक भाग चिकटवण्याआधी किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. बाल्साच्या दोन सारख्याच दिसणाऱ्या शीटमध्ये दुप्पट वजनाचा फरक निघतो, हलकी शीट मागे, जड पुढे. एलिव्हेटर-रडर (शेपटीच्या आडव्या आणि उभ्या हलत्या पट्ट्या) फिरवणारे सर्वो, म्हणजे छोट्या मोटरी, मागे असतील तर पुढे कॉकपिटखाली आणा आणि तिथून बारीक केबल मागे न्या, मूळ कॅमललाही केबलच होत्या त्यामुळे दिसायलाही बरोबर. बॅटरी फायरवॉलला, म्हणजे मोटरमागच्या फळीला, टेकवा, मोटर जरा जड घेतली तरी चालेल, कारण ते वजन निदान काम तरी करतं. एवढं करून जे उरेल तेवढंच शिसं घाला, आणि घालाच, शेपूट जड ठेवून उडवायला जाऊ नका.

प्रश्न: टायगर मॉथला डावीकडे स्टिक दिली की नाक आधी उजवीकडे जातं. जायरो (आपोआप तोल सांभाळणारं उपकरण) लावू? (बेळगाव)

जायरोची गरज नाही. डावीकडे वळताना उजवा एलेरॉन, म्हणजे पंखामागची हलती पट्टी, खाली जातो, त्या बाजूला लिफ्ट (उचल) वाढते तसा ड्रॅगही (हवेचा अडथळा) वाढतो आणि तो नाकाला उजवीकडे ओढतो. जुन्या लांब-रुंद पंखांमध्ये हे ठळक जाणवतं. डी हॅविलँडवाल्यांनी १९३१ मध्येच यावर उपाय केला होता, टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत आणि ते वर भरपूर जातात, खाली अगदी थोडे. तुम्हीही तसंच करा, वर १५ मिलिमीटर, खाली ५ पासून सुरुवात करा. आणि वळताना रडर द्यायची सवय लावा, डावा अंगठा नुसता थ्रॉटलसाठी नसतो.

प्रश्न: पंखावरचे कापडाचे टाके कसे दाखवायचे? (पुणे)

हे काम मला सगळ्यात आवडतं. आधी इस्त्रीने चिकटणारं कापडी कव्हरिंग लावून घ्या, चकचकीत फिल्म नको. मग प्रत्येक रिबवर (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्टीवर) बारीक सुती दोरा ताणून चिकटवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने फेव्हिकॉलचे थेंब सोडा, एकास सहाला दर १२-१३ मिलिमीटरवर एक, म्हणजे मूळचे साधारण तीन इंच होतात. वाळले की वरून त्याच कापडाची अरुंद पट्टी, कडा झिगझॅग कात्रीने कापलेली, कोमट इस्त्रीने बसवा. तिरप्या उन्हात धरून बघा, टाके उठून दिसतात. शेपटीवर मात्र दोरा वगळा, थेंब आणि पट्टी पुरे, ग्राम वाचतात. पावसाळ्यात कव्हरिंग करणार असाल तर बाल्सा दमट असतो, नंतर सुकला की कापड सैल पडतं, तेव्हा शक्यतो दिवाळीनंतर करा.

प्रश्न: टेकऑफला दरवेळी नाकावर पडतं, प्रॉप तुटतो. आणि परवानगी लागते का? (गोवा)

शेपूट जमिनीला टेकलेली असताना चाकं सीजीच्या पुढे आहेत ना बघा. उंच गवत असेल तर मोठी चाकं लावा. सुरुवातीला एलिव्हेटर पूर्ण वर धरा, थ्रॉटल हळूहळू वाढवा, वेग आला की एलिव्हेटर सोडा, आणि वाऱ्याच्या तोंडावरच टेकऑफ घ्या.

परवानगीचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांत आरसी मॉडेलंही येतात. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-वेबसाइटच्या नकाशावर तुमचं मैदान ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागात, आहे का बघून घ्या, गोव्यात विमानतळ जवळजवळ असल्याने हे आधी बघाच, मॉडेल कायम नजरेच्या टप्प्यात ठेवा, आणि जागेच्या मालकाला विचारल्याशिवाय उडवू नका.