गेम कोणत्या स्क्रीनसाठी बनवायचा?

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि तंत्रज्ञान

प्रश्न : आम्ही तिघे मित्र नाशिकच्या रंगपंचमीतील रहाडींवर (रंगीत पाण्याच्या जुन्या हौदांवर) संगणकाचा एक गेम तयार करीत आहोत. जुन्या नाशकातील गल्ल्यांमधून धावत जायचे, प्रत्येक रहाडीचा रंग ओळखायचा आणि योग्य रहाडीत धप्पा (उडी) मारायचा, असे त्याचे स्वरूप आहे. चित्रे ६४० × ३६० पिक्सेलच्या चौकटीत काढली असून गेम गोडो ४ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला आहे. आमच्या संगणकांवर तो उत्तम दिसतो. परंतु मित्रांच्या लॅपटॉपवर मराठी अक्षरे धूसर दिसतात, पात्रांच्या कडा वेड्यावाकड्या होतात आणि एका मॉनिटरवर तर पात्र दुपटीहून अधिक वेगाने धावते. खेळणाऱ्यांकडे कोणते स्क्रीन आहेत हे आधी कसे कळावे, आणि कोणते एक रिझोल्यूशन धरून काम करावे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे सोयीचे ठरेल. कोणतेही एकच रिझोल्यूशन धरून काम करू नये. जुन्या लॅपटॉपच्या १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर सुमारे साडेदहा लाख पिक्सेल असतात, १९२० × १०८० वर सुमारे पावणेएकवीस लाख आणि ३८४० × २१६० वर सुमारे ८३ लाख. आपला गेम या तिन्हींवर उघडला जाणार आहे, आणि खेळणारा त्यासाठी नवा स्क्रीन विकत घेणार नाही. म्हणून सर्वांत लहान स्क्रीन कोणता सांभाळायचा एवढे निश्चित करावे आणि बाकीच्यांवर गेम कसा ताणला जाईल याचे नियम ठरवावेत.

स्क्रीनची माहिती मिळवण्याचा सर्वज्ञात मार्ग म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचे स्टीम या गेमविक्रीच्या ऑनलाइन दुकानावरील मासिक हार्डवेअर सर्वेक्षण. त्यात १९२० × १०८० हे रिझोल्यूशन गेली अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर असून निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच आहे. हे सर्वेक्षण उपयुक्त आहेच, परंतु ते जगभरातील स्टीम वापरणाऱ्यांपैकी सहभागी होण्यास होकार देणाऱ्यांचे आहे; एखाद्या महिन्यात सरलीकृत चिनी (सिम्प्लिफाइड चायनीज) वापरणाऱ्यांचे प्रमाण अचानक वाढले, तर बाकीचे आकडेही त्यासोबत हलतात. सातपूरमधील जो विद्यार्थी भावाच्या जुन्या लॅपटॉपवर आपला गेम खेळणार आहे आणि ज्याने स्टीम कधी उघडलेलेही नाही, तो त्या आकड्यांत कुठेच नाही. मराठी संवाद असलेल्या गेमचा खेळाडू बहुधा तोच असेल, असे मला वाटते.

संकेतस्थळांना भेट देणाऱ्यांच्या स्क्रीनची जी आकडेवारी प्रसिद्ध होते, ती वाचताना अधिक सावध राहावे. तिच्यात १५३६ × ८६४ असे एक रिझोल्यूशन ठळकपणे दिसते. वस्तुतः हे स्क्रीन १९२० × १०८० चेच असतात. विंडोजमध्ये अक्षरे मोठी दिसावीत म्हणून १२५ टक्के स्केलिंग लावलेले असते आणि ब्राउझर १९२० ला १.२५ ने भागून आलेला आकडा कळवतो. हे लक्षात न घेता त्या आकड्यासाठी चित्रे बेतली, तर अस्तित्वात नसलेल्या स्क्रीनसाठी श्रम वाया जातात.

त्यामुळे सर्वांत भरवशाची माहिती आपल्या स्वतःच्या चाचणी-आवृत्तीतूनच मिळेल. गोडोमधील डिस्प्लेसर्व्हर या घटकाकडून स्क्रीनचा आकार, त्याची पिक्सेल-घनता आणि रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते तो आकडा) विचारता येतो. गेम सुरू होताच या नोंदी, तसेच खिडकीचा प्रत्यक्ष आकार आणि जोडलेल्या मॉनिटरांची संख्या, एका लहानशा मजकूर-फाइलमध्ये लिहाव्यात आणि ती फाइल पाठवायची की नाही हे खेळणाऱ्यावर सोडावे. नाव किंवा यंत्राचा क्रमांक त्यात मुळीच असू नये आणि फाइलमध्ये काय आहे हे पाठवण्यापूर्वी खेळणाऱ्याला वाचता यावे. शंभर ठिकाणच्या सरासरीपेक्षा आपल्या वीस खेळाडूंच्या अशा नोंदी आपल्याला अधिक शिकवतील.

आता वेड्यावाकड्या कडांविषयी. आपण निवडलेली ६४० × ३६० ची चौकट विचारपूर्वक निवडलेली आहे. ती दुप्पट केल्यास १२८० × ७२०, तिप्पट केल्यास १९२० × १०८०, चौपट केल्यास २५६० × १४४० आणि सहापट केल्यास ३८४० × २१६० होते. म्हणजे या सर्व स्क्रीनवर चित्रातील प्रत्येक पिक्सेलचा नेमका चौकोन तयार होतो. अडचण १३६६ × ७६८ वर येते. तेथे ताण सुमारे २.१३ पट पडतो, त्यामुळे काही पिक्सेल दोन घरांचे आणि काही तीन घरांचे होतात आणि पात्र चालू लागले की त्याची कड थरथरते. यावर उपाय म्हणजे पूर्णांकी ताणाचा पर्याय. तो गोडो ४ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत प्रकल्पाच्या सेटिंगमध्येच मिळतो. तो लावल्यावर चित्र बरोबर दुप्पट होईल आणि डावी-उजवीकडे प्रत्येकी ४३, वर-खाली प्रत्येकी २४ पिक्सेलची पट्टी उरेल. ही पट्टी काळी न ठेवता तिथे वाड्याच्या लाकडी चौकटीचे नक्षीकाम दाखवता येईल. १२८० × ८०० चा स्क्रीन असलेल्या स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्रावरही वर-खाली ४० पिक्सेल उरतील, तेथेही हीच चौकट उपयोगी पडेल.

अक्षरांच्या धूसरपणाचे कारण वेगळे आहे. आपण ताणाची ‘व्ह्यूपोर्ट’ ही पद्धत निवडली असावी, असा माझा कयास आहे. तिच्यात चित्रांबरोबर मजकूरही आधी ६४० × ३६० मध्ये रेखाटला जातो आणि मग मोठा केला जातो. रोमन अक्षरे हा अन्याय कशीबशी सोसतात. देवनागरीला मात्र शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय यांसाठी जागा लागते; दहा-बारा पिक्सेलच्या उंचीत ‘ष्ट्र’ किंवा ‘र्थी’ वाचनीय राहत नाही. ‘कॅनव्हास आयटम्स’ ही पद्धत निवडल्यास मजकूर खेळणाऱ्याच्या स्क्रीनच्या खऱ्या पिक्सेलमध्ये रेखाटला जातो. त्यासाठी ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखा फाँट वापरावा.

तरीही अक्षराचा आकार पिक्सेलमध्ये ठरवून समाधान मानू नये. १९२० × १०८० हेच रिझोल्यूशन २४ इंची मॉनिटरवर असेल, तर २० पिक्सेल उंचीचे अक्षर साडेपाच मिलिमीटरचे दिसते आणि १५.६ इंची लॅपटॉपवर तेच ३.६ मिलिमीटरचे होते. रिझोल्यूशनचा आकडा तोच, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरचा ताण पार वेगळा. म्हणून मजकूर लहान-मोठा करण्याची सोय पहिल्या मेनूतच द्यावी.

आपण रंगांबद्दल काही विचारलेले नाही, परंतु आपल्या गेमची सगळी मदार रंगांवर असल्यामुळे मला सर्वाधिक काळजी त्यांचीच वाटते. स्वस्त लॅपटॉपांच्या स्क्रीनवर पुष्कळदा ‘४५ टक्के एनटीएससी’ (एनटीएससी हे रंगपल्ला मोजण्याचे एक जुने माप) एवढाच रंगपल्ला असतो आणि तो आपण ज्या एसआरजीबी या प्रमाण पल्ल्यात चित्रे रंगवता त्याच्या सुमारे दोन तृतीयांशच भरतो. अशा स्क्रीनवर गडद केशरी फिकट होऊन पिवळ्याकडे सरकतो. त्यातून पॅनेल टीएन या स्वस्त प्रकारचे असेल, तर झाकण थोडे मागे-पुढे केल्यानेही छटा बदलतात. रात्री खेळणाऱ्याने विंडोजचा ‘नाइट लाइट’ चालू ठेवला असेल, तर निळा प्रकाश कमी होऊन पांढरा पिवळसर होतो आणि पिवळी रहाड पांढऱ्या भिंतीजवळ उठून दिसत नाही. शिवाय लाल-हिरव्यातील फरक ज्यांना दिसत नाही असेही खेळाडू असणारच. त्यामुळे रहाड ओळखण्यासाठी रंगाच्या जोडीला दुसरी खूण हवीच: काठावरील फुलांची वेगळी मांडणी, वेगळा ध्वज किंवा चौकाचे नाव. परीक्षा सोपी आहे. गेमचे छायाचित्र कृष्णधवल करून पाहावे. त्यातही रहाडी वेगळ्या ओळखू आल्या, तर रचना योग्य आहे.

पात्राच्या वेगाचे कोडे मात्र लगेच सुटण्यासारखे आहे. त्या मित्राचा मॉनिटर बहुधा १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र (फ्रेम) बदलणारा आहे. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९. आपण दर फ्रेमला पात्र ठरावीक पिक्सेल पुढे सरकवत असाल, तर तेथे ते २.४ पट वेगाने धावणारच. हालचालीला दोन फ्रेममधील काळाने गुणावे, किंवा ती ठरावीक ठोक्याने चालणाऱ्या भौतिकी प्रक्रियेत न्यावी.

चाचणीसाठी ४के (३८४० × २१६०) मॉनिटर घेण्याचा विचार असेल, तर तो पुढे ढकलावा आणि त्याच्या कितीतरी कमी पैशांत १३६६ × ७६८ चा एक वापरलेला लॅपटॉप घ्यावा. मोठ्या स्क्रीनवर काय होईल याचा हिशेब कागदावर मांडता येतो, परंतु फिक्या पॅनेलवर केशरी रंगाचे काय होते ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. गोदावरीच्या खोऱ्यावर विद्यार्थ्यांनी केलेला एक छोटा गेम वर्गातील प्रोजेक्टरवर दाखवला असता कडेची बटणे दिसेनाशी झाली आणि नकाशा पुसट दिसला. दोष प्रोजेक्टरचा की गेमचा?
– एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : थोडा दोघांचाही. शाळांतील अनेक प्रोजेक्टर १०२४ × ७६८ किंवा १२८० × ८०० चे असतात. पहिल्याची चौकट ४:३ प्रमाणाची, म्हणजे लॅपटॉपच्या मानाने अरुंद आहे. बटणे स्क्रीनच्या मध्यापासून मोजून ठेवली असतील, तर ती कडेबाहेर जातात. ती जवळच्या कडेला किंवा कोपऱ्याला बांधून ठेवावीत आणि चहूबाजूंनी पाच टक्के जागा मोकळी सोडावी. गेम गोडोमध्ये केला असेल आणि ताणाची ‘एक्स्पांड’ पद्धत वापरली, तर उदाहरणार्थ ६४० × ३६० चा गेम ४:३ वर ६४० × ४८० एवढे दृश्य दाखवतो, म्हणून वाढीव १२० पिक्सेलची पार्श्वभूमी आधीच काढून ठेवायला विद्यार्थ्यांना सांगावे.

पुसटपणाचे कारण असे की प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. उजेड असलेल्या वर्गात भिंत जेवढी उजळ, तेवढाच त्याचा काळा. निळी नदी आणि तिच्याभोवतीचा गडद हिरवा प्रदेश त्यामुळे एकमेकांत मिसळतात. नकाशाची पार्श्वभूमी फिकट करून नद्या आणि नावे गडद ठेवावीत आणि शेवटच्या बाकावर बसून नावे वाचता येतात का ते पाहावे. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ‘डुप्लिकेट’ पद्धतीने जोडलेले असतील, तर विंडोज दोघांना जमेल असे समाईक रिझोल्यूशन निवडते. त्याऐवजी ‘फक्त दुसरा स्क्रीन’ हा पर्याय निवडून प्रोजेक्टरचे मूळ रिझोल्यूशन लावल्यास अक्षरे लगेच स्पष्ट होतील.