जुने गोवे एका दिवसात कसं पाहावं? आधी यादीतली बाकीची नावं खोडा

तुमचा प्रश्न असा आहे: कुडाळहून सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन एका दिवसात जुने गोवे, मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा आणि जमलं तर दोनापावला करता येईल का, संत फ्रान्सिस झेवियरचं शव पाहायला मिळतं का, आणि शुक्रवार, शनिवार, रविवार यांपैकी कोणता दिवस बरा?

करता येईल. टॅक्सीवाले रोज करून दाखवतात. झेवियरचं शव जिथे आहे त्या बॉम जीझस बासिलिकेच्या दारात उतरवतात, "वीस मिनिटांत या" म्हणतात, मग रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल, दोन फोटो, आणि गाडी फोंड्याच्या दिशेने. पाऊण तासात जुने गोवे संपलं. या पाऊण तासावरून माझं पाहुण्यांशी आणि टूरवाल्यांशी वर्षानुवर्षं भांडण आहे, म्हणून हे उत्तर लांबणार. "दोन चर्चं तर आहेत, त्यात बघायचं काय?" हे वाक्य आता मला ऐकवत नाही. ही दोन चर्चं नाहीत. हे एक अख्खं शहर होतं. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने आदिलशाहीकडून जिंकलेलं, १५३० पासून पूर्वेकडच्या सगळ्या पोर्तुगीज मुलखाची राजधानी असलेलं, आणि पुढे रोगराईने माणसं मेल्या-पळाल्यामुळे ओस पडलेलं. १८४३ मध्ये राजधानीचा मान अधिकृतपणे पणजीला गेला आणि इथल्या पडक्या घरांचा, वाड्यांचा चिरासुद्धा पणजीच्या बांधकामांना गेला. उरल्या त्या इगर्जी, म्हणजे चर्चं, आणि कॉन्व्हेंट, म्हणून आज हे 'चर्चचं गाव' वाटतं. १९८६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.

तेव्हा दोनापावला खोडा. मंगेशी आणि शांतादुर्गाही खोडा, त्या दोन देवळांना वेगळा दिवस द्या. दोन्ही देव मुळात कुठ्ठाळी आणि केळशीहून नेलेले आहेत, तो इतिहासही घाईत उरकण्यासारखा नाही.

आता शवाचं. शव दिसतं असं सांगून जो तुम्हाला आत नेईल, त्याच्या नादी लागू नका. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, शरीर मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आलं. आज ते चांदीच्या पेटीत आहे, आणि ती पेटी तीन टप्प्यांच्या संगमरवरी समाधीवर, माणसाच्या डोक्याच्या खूप वर. खालून पेटीच्या काचेतून फार तर आकृतीचा अंदाज येतो. शव खाली आणून लोकांसमोर ठेवतात ते दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्यात, तेही से कॅथेड्रलमध्ये. मागचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा झाला, म्हणजे पुढचा २०३४ च्या अखेरीस. नखं वाढतात, केस वाढतात या थापा आहेत. शरीर पूर्ण सुकलेलं आहे, आणि उजवा हात कोपरापासून कापून १६१४ मध्ये रोमला नेला, तो आजही तिथेच आहे.

पण शव दिसत नाही म्हणून तिथून लगेच निघू नका. एक छोटी दुर्बीण सोबत घ्या, खेळण्यातली नको. चांदीची पेटी गोव्याच्याच सोनारांनी १६३६-३७ च्या सुमारास घडवली आणि तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग उठावात आहेत. खालची समाधी मात्र फ्लॉरेन्सची. टस्कनीचा ड्यूक कोसिमो तिसरा याने ती पाठवली, शिल्पकार फोग्गिनी, आणि १६९८ मध्ये ती इथे जुळवली गेली. चारी बाजूंना ब्राँझचे पट्ट आहेत. समोरच्या गर्दीत उभं राहून एकच दिसतो. बाजूने सरकून कोपऱ्यात जा, तिथून दोन दिसतात आणि मागून रेटाही येत नाही.

बाहेर पडलात की भिंतीला नाक लावून पाहा. बॉम जीझसची इमारत १५९४ ते १६०५ मधली. तिला गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्याला, पोर्तुगीज असतानाच, दुरुस्तीच्या नावाखाली तो खरवडून काढला आणि जांभा उघडा पाडला. लोकांना तो लाल-काळा रंग 'अस्सल' वाटतो, पोस्टकार्डावर तोच असतो. जांभा सच्छिद्र असतो, गोव्याच्या पावसात पाणी पितो, मग शेवाळ धरतो आणि हळूहळू भुगा होतो. बोटाच्या पेराएवढे खड्डे पडलेले चिरे तुम्हाला खालच्या थरात सहज सापडतील. दर्शनी भागातलं कोरीव काम मात्र काळ्या दगडाचं आहे, त्याच्या कडा अजून धारदार आहेत. हे दोन दगड शेजारी-शेजारी पाहिले की गिलावा का हवा, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गिलावा परत करावा अशी मागणी अलीकडे खुद्द बासिलिकेकडून झाली आहे, आणि माझं मतही तेच आहे. जुनं दिसावं म्हणून इमारत झिजू देणं याला जतन म्हणत नाहीत.

वेळ अशी धरा. नऊला बॉम जीझसच्या दारात. टूरच्या बसगाड्या दहानंतर यायला लागतात आणि अकराला आत पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेने येणार असाल तर करमळीला उतरा. तिथून जुने गोवे दोन-तीन किलोमीटर आहे, रिक्षा ठरवून घ्या. पणजीहून येणार असाल तर कदंब बसस्थानकावरून फोंड्याकडे जाणाऱ्या बसने गांधी सर्कलला उतरायचं. नकाशावर 'गोवा वेल्हा' टाकू नका. ते पणजी-मडगाव रस्त्यावरचं वेगळं गाव आहे आणि चुकून तिथे पोचणारे पुष्कळ आहेत.

दहा-सव्वादहाला टेकडीवर जा, ऊन चढायच्या आत. टूरवाले सोडतात ती हीच जागा, आणि माझ्या मते अख्ख्या जुन्या गोव्यात पाहण्यासारखी पहिली जागा हीच. चढ लांब नाही पण उभा आहे, आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर गाडी वरपर्यंत जाते. सेंट ऑगस्टीनचा मनोरा समोर येतो, ४६ मीटर उंच, नुसता जांभा. मूळ इगर्जीला असे चार मनोरे होते. १६०२ मध्ये बांधून झालेली ही इमारत परचक्रात पडलेली नाही, ती सरकारी हुकुमाने पडली. १८३० च्या दशकात पोर्तुगालने धार्मिक संघ बंद केले, साधूंना जावं लागलं, इमारत बेवारस झाली. गळक्या छपराकडे पाहायला कोणी उरलं नाही. १८४२ मध्ये आतली कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला, १९३८ मध्ये आणखी काही भाग. इथली मोठी घंटा आज पणजीच्या चर्चच्या माथ्यावर वाजते. पणजीचं ते पांढऱ्या जिन्यांचं चर्च तुम्ही फोटोत पाहिलंच असेल, तेच.

आत फिरताना पायाखालच्या थडग्यांच्या शिळांवरची नावं पाहा. जमिनीपासून हातभर उंचीच्या भिंतींचे जे चौकोन उरलेत, त्या एकेक खोल्या आणि चॅपेलं होत्या. यातल्याच एका जागी जॉर्जियाची राणी केटेवान हिचे अवशेष ठेवल्याचं जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलायला नकार दिला म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला, आणि ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्याला आणला. कागदात कोणत्या खिडकीपाशी, कसल्या पेटीत हेसुद्धा होतं. पण खिडक्याच कोसळलेल्या, त्यामुळे पुरातत्त्व खात्याला आधी ढिगारा उपसून इमारतीचा नकाशा जुळवावा लागला. हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्याचा डीएनए तपासला, आणि तो भारतात न आढळणाऱ्या गटातला निघाला. २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले. एका देशाची संत-राणी साडेतीनशेहून अधिक वर्षं या मातीत होती, आणि आपल्या टूरच्या यादीत या जागेला पाच मिनिटंही नाहीत. मला राग येतो तो याचा.

मनोऱ्यासमोरच सांता मोनिका आहे, एके काळचं मोठं नन कॉन्व्हेंट, आणि त्यातच ख्रिस्ती कला संग्रहालय. तिकीट काढून जरूर जा. गोव्याच्या हिंदू कारागिरांनी घडवलेले हस्तिदंती संत आणि चांदीच्या वस्तू पाहताना डोळ्यांची ठेवण, कपड्यांच्या चुण्या बघा, हात कोणाचा ते लगेच ओळखू येतं. पुढे टोकाला रोझरीची इगर्ज आहे, लहान, किल्ल्यासारखी गोल बुरुजांची. तिथून मांडवी दिसते. आई-बाबांना इथे सावलीत बसवा.

साडेअकरा ते अडीच छपराखाली काढायचे. दोन इगर्जींमधली हिरवळ दिसायला सुंदर आहे, दुपारी तिथे सावली नाही आणि म्हातारी माणसं तिथेच थकतात. से कॅथेड्रल आत गार असतं. १५६२ मध्ये काम सुरू झालं, वेदींसकट पुरं व्हायला १६५२ उजाडलं. एकच मनोरा दिसतो, दुसरा १७७६ मध्ये पडला. मुख्य वेदीवर सेंट कॅथरीनचे प्रसंग आहेत. १५१० मध्ये शहर पोर्तुगीजांच्या हाती पडलं तो तिच्या सणाचा दिवस होता, म्हणून कॅथेड्रल तिचं. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे कुठे आहेत ते शोधा, उजेड किती मऊ येतो ते कळेल. शेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीची इगर्ज, तिथे जमिनीवर कोरीव थडगी आहेत. त्याला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, आणि मराठी माणसाने ते चुकवू नये: कदंबकालीन मूर्ती, वीरगळ, सतीशिळा, आणि वर व्हाइसरॉयांच्या तसबिरींची रांग. एकाच छपराखाली आधीचं आणि नंतरचं गोवं दिसतं.

इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप ठेवून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाबद्दल, पाहुणे दबक्या आवाजात विचारतात. मोठ्याने विचारा. १५६० ते १८१२ ते चाललं, मधली थोडी वर्षं सोडून, आणि त्याचा वाडा कॅथेड्रलसमोरच्या चौकातच होता. तो पाडला गेला, आता तिथे पाहण्यासारखं काही नाही. पण त्याचा राग धरून इगर्जीत पायच ठेवायचा नाही, हे मला पटत नाही. ज्यांनी सोसलं त्यांच्या गावात येऊन त्यांनीच बांधलेल्या भिंतींकडे पाठ फिरवण्यात त्यांचा कसला मान?

चारनंतर नदीकडे चाला. सेंट कॅजेटनच्या इगर्जीचा घुमट रोमच्या सेंट पीटरच्या नमुन्यावरचा. त्याच्या आवारासमोर काळ्या दगडाची एक एकाकी चौकट उभी आहे, पायऱ्यांसकट. आदिलशहाच्या वाड्याचं तेवढंच दार उरलं आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयसुद्धा १६९५ पर्यंत त्याच वाड्यात राहिले. पुढे व्हाइसरॉयची कमान, आणि कमानीतून सरळ फेरीबोटीच्या धक्क्यावर. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीतून शहरात शिरायचा.

स्वतःची गाडी असेल आणि देवदर्शन हवंच असेल, तर याच फेरीने गाडीसकट दिवाड बेटावर जा, बेट ओलांडा, आणि दुसऱ्या फेरीने नार्वेला उतरा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडवर होतं. ते पाडल्यावर देव पलीकडे नार्वेला नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला, तसा शिलालेख दारावर आहे. जुन्या गोव्याला जोडून एकच देऊळ करायचं तर हे. कुडाळला परतताना डिचोलीवरून वाटही सोयीची पडते. परतायला त्याच फेरीवर अवलंबून असाल, तर शेवटच्या बोटीची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्या.

थोडं सांगायचं राहिलं. चपला काढायच्या नसतात, हातात घेऊन फिरू नका. बिनबाह्यांचे कपडे आणि अर्ध्या चड्ड्या घातलेल्यांना बासिलिकेच्या दारात अडवतात. मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, चालू असेल तर मागे शांत बसा, पण पाद्री पांढरी चकती देतात त्या रांगेत उभं राहू नका. तो प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीचा संस्कार आहे, आणि आपली भाबडी माणसं हात पुढे करून तिथे सगळ्यांनाच अवघडायला लावतात. मेणबत्ती लावायला कोणालाच मनाई नाही. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे विकतात ते नवसाचे, ज्या अवयवाचं दुखणं तो वाहतात.

दिवसाचं म्हणाल तर शुक्रवारी पुरातत्त्व संग्रहालय बंद, रविवारी सकाळी मिस्सांमुळे साडेदहापर्यंत बासिलिकेत पर्यटकांना फिरता येत नाही. शनिवार चालेल, मंगळवार ते गुरुवार सर्वात बरे. २४ नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, आणि ३ डिसेंबरला झेवियरचं फेस्त, म्हणजे सण. त्या दहा दिवसांत फेस्तासाठीच यायचं असेल तर या, खाजं घ्या, गर्दीत मिसळा, पण इमारती पाहायला येऊ नका. पावसाळ्यात मनोऱ्याच्या अवशेषांवर शेवाळ असतं, आई-बाबांना तिथे चालवू नका, खालूनच दाखवा.