पॉवर वाढवून फेडिंग हटत नाही

फेडिंगमुळे, म्हणजे वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना मारून सिग्नल मधूनच बुडतो त्यामुळे, रेडिओ लिंक तुटली की ट्रान्समीटरची पॉवर वाढवायची, हा मोह आधी सोड. हजारात एक बिट चुकलेला चालणार असेल, तर बीपीएसकेला (लहरीची फेज उलटवून एकेक बिट पाठवायची साधी पद्धत) नुसत्या गोंगाटात सिग्नल गोंगाटापेक्षा साधारण 7 डेसिबल वर असला की पुरतं. रेले फेडिंगमध्ये (थेट लहर न पोचता नुसत्या आपटून आलेल्या लहरी पोचतात तेव्हा) सरासरी 24 लागतात, 17 जास्त. म्हणजे 50 पट पॉवर! त्यापेक्षा रिसीव्हरला दुसरा अँटेना जोड. 900 मेगाहर्ट्झला 16-17 सेंटीमीटर अंतर ठेवलंस, तर दोन्ही सिग्नल सहसा एकदम बुडत नाहीत. (उंच टॉवरवर बरंच जास्त अंतर लागतं.)

एरर करेक्शन कोड (चुकलेले बिट दुरुस्त करणारा) तू घालशीलच, पण इंटरलीव्हर (बिटांचा क्रम विस्कटून पाठवणारा भाग) विसरू नकोस. मी विसरलो होतो. फेडमध्ये बिट ओळीने चुकतात आणि अशा बऱ्याच कोडना विखुरलेल्या चुकाच झेपतात. रिसीव्हर असलेली गाडी थांबली की मात्र फेड लांबतो, इंटरलीव्हर तोकडा पडतो. तिथे पुन्हा तो दुसरा अँटेनाच.